आधीचे अकराशे अंक वाचल्याशिवाय पुढचा उघडायचाच नाही?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गृहस्थ ४३ वर्षांचे, राहणार सहकारनगर, नोकरी भोसरीला. शाळेपासून सुपरहिरो कॉमिक्सचा नाद. कॉलेजातले चौघे मित्र अजूनही दर रविवारी सकाळी तळजाईची टेकडी चढतात आणि उतरल्यावर टपरीवर चहा घेत तासभर फक्त कॉमिक्सवर बोलतात. त्यातल्या एकाला बाकीचे ‘हेडमास्तर’ म्हणतात. त्याच्या मते पहिल्यापासून क्रमाने वाचलं नसेल तर वाचलं असं म्हणूच नये. दुसरा २०११ पासून रुसलाय. मालिका पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू झाल्या त्या दिवशी त्याने वाचणं सोडलं, बोलणं मात्र सोडलं नाही. तिसरा एकाच अंकाची चार-चार मुखपृष्ठं विकत घेतो आणि प्लॅस्टिकमधून बाहेर काढत नाही. हेडमास्तरच्या धाकाने आपल्या गृहस्थांनी वाचनक्रमाची एक एक्सेल शीट केली. तिच्यात १,१४० ओळी आहेत आणि दोन वर्षांत ते २१४व्या ओळीपर्यंत पोचलेत. मध्यंतरी आठवीतल्या मुलीने विचारलं, “बाबा, मी कुठून सुरू करू?” त्यांनी शीट उघडून दिली. तिने ती दोन मिनिटं खाली-खाली सरकवली आणि लॅपटॉप मिटला. मग त्यांनी तिच्यासाठी नव्याने सुरू झालेल्या एका मालिकेचा पहिला अंक आणला, तर टपरीवर त्यांची यथेच्छ टिंगल झाली. त्यांचे प्रश्न असे: नवा पहिला अंक ही खरी सुरुवात असते की नुसती दुकानदारी? यादी आधी संपवू की सोडून देऊ? मुलीला काय देऊ? आणि शेवटी, जरा खालच्या आवाजात: “रविवारी जाणं हल्ली तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. बंद करू का?”

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून मी आधी कागदावर हिशेब मांडला. दोन वर्षांत २१४ ओळी, म्हणजे वर्षाला १०७. उरल्या ९२६. याच गतीने गेलात तर आणखी साडेआठ वर्षांहून जास्त. तोवर लेक बावीस वर्षांची होईल, आणि प्रकाशक काही तुमच्यासाठी थांबून राहणार नाहीत. दर आठवड्याला नवे अंक येत राहणार, म्हणजे शीट वरून पुसली जाणार आणि खालून वाढत जाणार. आमच्याकडे पूर्वी आजी लोकरीचा एक स्वेटर विणायची. विणायची आणि उसवायची. पण तिचं निदान मन रमायचं.

यादीच्या लांबीपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त टोचली. तुम्ही दोन पानं भरून लिहिलंय, पण वाचून झालेल्या त्या २१४ अंकांपैकी एकही आवडला असं कुठे म्हटलेलं नाही. नावडला असंही नाही. फक्त ‘झाला’ असं लिहिलंय. वीज बिल भरून झालं म्हणतात, तसं. तुम्हाला वाटतंय की प्रश्न क्रमाचा आहे. मला वाटतं क्रम हा तुमचा प्रश्नच नाही. पण त्याच्याकडे मागाहून येते, आधी तुमच्या हेडमास्तरशी जरा बोलू द्या.

‘पहिल्यापासून’ हा शब्द तो फार विश्वासाने वापरतो. तुमच्या पत्रात त्याचं एक वाक्य आहे: “खरा फ्लॅश बॅरी ॲलन, बाकी सगळे बदली कामगार.” (फ्लॅश म्हणजे विजेच्या वेगाने धावणारा वीर.) आता पाहा. बॅरी ॲलन आला १९५६ साली, ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात. त्याच्या १६ वर्षं आधी, १९४० मध्ये, फ्लॅश नावाचा वीर होऊन गेला होता. त्याचं नाव जे गॅरिक, डोक्यावर पंखवालं लोखंडी टोप. युद्धानंतर त्याची मालिका बंद पडली. मग नाव तेवढं ठेवून माणूस, पोशाख, शक्ती मिळण्याची गोष्ट सगळं नव्याने रचलं, तो हा बॅरी. म्हणजे हेडमास्तरचा ‘मूळ’ फ्लॅश हाच मुळात रीलाँच. १९६१ मध्ये दोघांची गाठ घालून दिली तेव्हा लेखकांना सांगावं लागलं की जुना वेगळ्या पृथ्वीवर राहतो. एका पृथ्वीच्या दोन झाल्या, दोनाच्या कितीतरी झाल्या, आणि १९८५ मध्ये हा पसारा आवरायला डीसी या प्रकाशनसंस्थेला बारा अंकांची ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ काढावी लागली. त्यात बॅरी मेला. त्याचा पुतण्या वॉली फ्लॅश झाला आणि वीसेक वर्षं धावत राहिला. (खरं तर बायकोचा भाचा. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, आपल्याकडे मात्र अशा चुकीवरून लग्नात मानपान बिघडतात.) २००८ मध्ये बॅरी परतला. ज्याला जो बारा-तेराव्या वर्षी भेटला, त्याला तो खरा. यापलीकडे या वादात काही नाही, आणि त्यावर रविवारचे आणखी चहा वाया घालवू नका.

मी स्वतः सदाशिव पेठेतल्या वाड्यात इंद्रजाल कॉमिक्सवर वाढले. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली सुरू केलेली ती मालिका १९९० मध्ये बंद पडली. मराठीतही यायची. फँटमला आम्ही वेताळ म्हणायचो. घरी जे अंक यायचे ते आतेभावाच्या मर्जीने आणि रद्दीवाल्याच्या कृपेने. पहिला अंक आमच्यातल्या कुणीही कधी पाहिलेला नव्हता. मजा अशी की वेताळ स्वतःच एकविसावा. आधीचे वीस त्याचे बाप-आजे-पणजे. मुखवटा तोच, गुहा तीच, आतला माणूस दरवेळी नवा, आणि जंगलातल्या लोकांना वाटतं की हा मरतच नाही. आधीच्या वीस जणांचं सगळं वाचून ये, मग एकविसाव्याकडे वळ, असं आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आम्ही विटी-दांडू घेऊन बाहेर पळालो असतो. कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ दोन-तीन चौकटींत पुन्हा सांगितली जायची आणि गोष्ट सुरू. आम्हाला दुःख सुरुवात नसल्याचं नव्हतंच. रद्दीतून आलेल्या अंकाची शेवटची चार पानं फाटलेली असायची, त्याचं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता तुमचा पहिला प्रश्न. नवा पहिला अंक ही दुकानदारी आहे का? आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. अमेरिकेत कॉमिक्सची दुकानं अंक आगाऊ मागवतात आणि बहुतेक माल परत करता येत नाही. न खपलेले अंक दुकानदाराच्या उरावर. त्यामुळे तो जपून मागवतो. मालिकेचा चाळिसावा अंक नव्या गिऱ्हाइकाने उचलावा याची शक्यता कमी, म्हणून मागणी हळूहळू उतरत जाते. मुखपृष्ठावर ‘१’ छापला की तोच दुकानदार जास्त प्रती मागवतो. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी काढला आणि ८० लाखांवर प्रती गेल्या. आजवरचा विक्रम आहे तो. तुमच्या प्लॅस्टिकवाल्या मित्राला हेही सांगा की ज्या अंकाच्या ८० लाख प्रती निघाल्या आणि ज्याने त्याने जपून ठेवल्या, तो पेन्शन देत नाही.

आणि आकड्यांची शिस्त म्हणाल तर प्रकाशकांनाच ती नाही. ‘ॲक्शन कॉमिक्स’ १९३८ पासून चालू, सुपरमॅनचं माहेर. २०११ मध्ये डीसीने ५२ मालिका एकदम नव्याने काढल्या तेव्हा तो ९०४व्या अंकावर थांबवून पुन्हा १ पासून मोजायला लागले. ५२ अंक काढले. २०१६ मध्ये पुढचा अंक आला तो थेट ९५७. बेरीज करून बघा: ९०४ अधिक ५२, आणि एक. मधलं सगळं गुपचूप जुन्या खात्यात जमा केलं. का, ते दोन वर्षांनी कळलं. २०१८ मध्ये हजारावा अंक वाजतगाजत निघाला. दुसरी मोठी प्रकाशनसंस्था मार्व्हल, तिचंही तसंच. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ १९९८ मध्ये ४४१वर थांबला, १९९९ मध्ये १ झाला, ५८ अंक गेले, आणि २००३ मध्ये त्याचा ५०० साजरा झाला. तेव्हा मुखपृष्ठावरचा आकडा हा दुकानाच्या पावतीपुस्तकाचा नंबर समजा. तुमच्या गोष्टीशी त्याचा संबंध असेलही, नसेलही.

नसतो तेव्हा किती नसतो, याची दोन उदाहरणं देते, कारण तुमच्यासारखी पत्रं मला आणखीही येतात आणि सगळ्यांची गाडी इथेच अडते. बॅटमॅनची मला माहीत असलेली सगळ्यात चांगली सुरुवात म्हणजे ‘बॅटमॅन: इयर वन’. फ्रँक मिलरचं लेखन, डेव्हिड मॅझुकेलीची चित्रं, १९८७. एक तरुण श्रीमंत माणूस बारा वर्षांनी शहरात परततो आणि एक प्रामाणिक पोलीस अधिकारी त्याच शहरात बदलून येतो. बॅटमॅन शब्द न ऐकलेल्या माणसालाही कळेल. ही गोष्ट चार अंकांची आहे आणि ते अंक आहेत ४०४ ते ४०७. उलट बाजूने, कमला खानची ‘मिस मार्व्हल’ घ्या. पहिला अंक फेब्रुवारी २०१४. एकोणीस अंक झाले, मार्व्हलने सगळं दुकान पुन्हा मांडलं, आणि २०१५च्या नोव्हेंबरात ‘मिस मार्व्हल’चा पहिला अंक पुन्हा आला. लेखिका तीच, जी. विलो विल्सन. नायिका तीच, गोष्ट तीच, पुढे चाललेली. तो ‘पहिला’ अंक म्हणजे खरा विसावा. एखाद्या बापाने भाबडेपणाने तो उचलून मुलीला दिला तर पोर म्हणणार, यांच्या घरात माझ्याआधी बरंच काही घडून गेलेलं दिसतंय. सुरुवात ४०४वर आणि विसावा अंक १वर. आता सांगा, शीट कुठल्या स्तंभावर लावायची?

मग ओळखायचं कशावरून? आपल्याला हे शिकवायला अमेरिकेतून कुणी यायला नको. नाटकाच्या जाहिरातीत आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलोय: नव्या संचात. ‘सौभद्र’ १८८२ सालचं. आज कुणी बालगंधर्वला ‘सौभद्र’ बघायला निघालं, तर आधी १८८२ पासूनचे सगळे प्रयोग पाहिलेत का, असं त्याला डोअरकीपर विचारत नाही. प्रेक्षक विचारतो ते एवढंच: दिग्दर्शक कोण, गाणार कोण? कॉमिक्समध्ये ज्याला ‘रन’ म्हणतात तो असाच एक संच. एक लेखक, एखाद-दोन चित्रकार, मिळून जितके अंक करतात तितके. म्हणून आकडा बघू नका, नावं बघा. मुखपृष्ठावर नायकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत असतात. शीटमध्ये ठेवायचाच झाला तर तेवढा एक स्तंभ ठेवा. नायकाच्या मागे जाणारा वाचक दर दोन वर्षांनी फसतो. लेखकाच्या मागे जाणाराही फसतो, पण कमी.

आणि त्या फाटलेल्या चार पानांची गोष्ट. तुम्ही सगळे सुरुवात शोधताय. मला विचाराल तर शेवट शोधा. ही मालिका, हा संच, कुठे तरी संपलाय का? अंक किती? बारा, बावीस? गोष्टीला शेवट आहे म्हणजे कुणीतरी ती सांगायला बसलं होतं. नुसता रतीब घालायला नव्हतं बसलं. तुमच्या १,१४० ओळींमध्ये अशा संपलेल्या गोष्टी बऱ्याच असतील, पण तारखेच्या क्रमाने लावल्यामुळे त्यांचे तुकडे होऊन शंभर ठिकाणी विखुरलेत. क्रॉसओव्हरच्या, म्हणजे अनेक मालिकांत पसरलेल्या एकाच गोष्टीच्या, नादाने तर एका मालिकेचा एक अंक, दुसरीचे दोन, मग पुन्हा पहिलीचा एक. पाच वेगवेगळ्या हॉटेलांतून एकेक घास खाऊन जेवण होत नाही.

तुमच्या त्या रुसलेल्या मित्राची बाजूही मला घ्यायची आहे, कारण टपरीवर ती कुणी घेत नसणार. २०११ला तो रुसला, त्याआधी २००७ मध्ये स्पायडर-मॅनच्या लग्नाचं काय झालं ते त्याच्या मनात असणार. वीस वर्षांचा संसार. तो मोडला असता, भांडणं झाली असती, तरी वाचकाने सोसलं असतं. इथे सैतानाशी सौदा करून लग्न झालंच नव्हतं असं ठरवलं गेलं. ज्याने त्या जोडप्याबरोबर स्वतःची विशी काढली त्याला राग येणार नाही तर काय? रीलाँच म्हणजे काही वेळा वाचकाच्या आठवणीवर पांढरा रंग मारणं असतं, आणि त्याचं प्रकाशकांना काही वाटत नाही. फक्त एवढंच, की रागापायी त्याने त्यानंतरच्या सगळ्या वर्षांतल्या चांगल्या गोष्टीही वाचल्या नाहीत. त्याच्यासाठी माझ्याकडे एक नाव आहे, खाली येतंच.

तर पुढे काय वाचायचं. तुमच्यासाठी पहिलं: ‘ऑल-स्टार सुपरमॅन’. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली, २००५ ते २००८, बारा अंक, बास. सुपरमॅनचा जन्म, ग्रहाचा नाश, शेतकरी आईबाप हे सगळं पहिल्या पानावर चार चौकटींत उरकलंय, चौकटीमागे दोनच शब्द. हेडमास्तरचा अभ्यासक्रम आठ शब्दांत. त्यानंतर गोष्ट अशी की सूर्याच्या अतिरेकाने हा माणूस मरायला टेकलाय, आणि हाताशी उरलेल्या दिवसांत तो काय काय करतो. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा घरात आजारपण होतं. जास्त लिहीत नाही. वाचा.

दुसरं, ‘हॉकआय’, मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा, २०१२ ते २०१५, बावीस अंक. अंगात कसलीही शक्ती नसलेला धनुर्धारी, सुट्टीच्या दिवशी काय करतो याची गोष्ट. ब्रुकलिनमधली एक जुनी इमारत, गच्चीवर जमणारे भाडेकरू आणि त्यांना हुसकायला टपलेले ट्रॅकसूट घातलेले गुंड. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या वाड्यात राहिलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. त्यातला अकरावा अंक एका कुत्र्याच्या नाकाने सांगितलेला आहे. शब्दांऐवजी वासांच्या खुणा. काही अंक इतर चित्रकारांचे आहेत आणि मध्ये गोष्ट जरा रेंगाळते, पण त्या कुत्र्यासाठी सगळं माफ.

तिसरं तुमच्या रुसलेल्या मित्रासाठी, आणि खरं सांगायचं तर तुमच्या वयाच्या कुणासाठीही: २०२४च्या जानेवारीत सुरू झालेला नवा ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’. जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो. हे वेगळं विश्व आहे, आधीचं काही लागत नाही. यातला पीटर पार्कर शाळकरी पोरगा नाही. दाढी राखलेला, नोकरी करणारा, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. बेनकाका जिवंत आहे. कोळी चावायचा तो आत्ता चावतो, म्हणजे आयुष्यात जे शाळकरी वयात व्हायचं ते चाळिशीकडे झुकताना होतं. जे लग्न २००७ मध्ये पुसलं, ते इथे गोष्टीचा खांब आहे. मित्राच्या हातात ठेवा आणि काही बोलू नका. “बघ, मी म्हणत होतो ना” हे तर अजिबात नको.

‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’बद्दल तुम्ही विचारलंय, कारण टपरीवर सध्या त्यावरूनच जुंपलीय. ऑक्टोबर २०२४ला सुरू झाला, स्कॉट स्नायडर आणि निक ड्रागोटा. ब्रूस वेन श्रीमंत नाही, बाप शाळामास्तर होता, आई हयात आहे, आणि स्वतः ब्रूस सिव्हिल इंजिनियर. बॅटमॅन सिव्हिल इंजिनियर झाला, हे पुण्याला इतक्या उशिरा कळावं याचंच आश्चर्य. मला तो आवडतो. पैसा काढून घेतला तर बॅटमॅनमध्ये काय उरतं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण चालू मालिका आहे. शेवट कसा होईल सांगता येत नाही, आणि रक्तपात भरपूर. चौघांत मिळून घ्या, भांडायला उत्तम. मुलीच्या हातात मात्र इतक्यात नको.

मुलीला द्यायची ती ‘मिस मार्व्हल’, २०१४चीच, वर सांगितलेली. पहिल्या पाच-सहा अंकांचं एकत्र पुस्तक मिळतं, ते घ्या, त्यामुळे विसाव्याला पहिला समजण्याची चूकच होणार नाही. सोळा वर्षांची कमला, न्यू जर्सीत वाढलेली, आईबाप कराचीहून आलेले, रात्री पार्टीला जायची परवानगी नाही. तिला शक्ती मिळते तेव्हा ती पहिल्यांदा गोऱ्या, सोनेरी केसांच्या नायिकेसारखी दिसायला लागते, आणि ते तिला टोचतं. आठवीतल्या मुलीला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. तुम्ही समजावून सांगूही नका. तुम्ही आणलेला अंक कुठला ते पत्रात नाही. तिला आवडला असेल तर पुढचं तिला ठरवू द्या, माझी शिफारस राहू दे बाजूला. फक्त कुठलंही नवं कॉमिक देण्याआधी स्वतः एकदा चाळा. मुखपृष्ठावर किंवा बारकोडपाशी वयाची खूण असते, ती बघायला विसरू नका. सुपरहिरो म्हणजे लहान मुलांचं, हा समज तुमच्या-माझ्या लहानपणीच जुना झाला होता.

खर्चाचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण इतर वाचक काढतील. सुटा अंक चार-पाच डॉलरचा, त्यात गोष्टीची पानं जेमतेम वीस-बावीस, वर आणण्याचा खर्च. चहा निवायच्या आत संपतो. पाच-सहा अंकांचं बांधलेलं पुस्तक जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं, आणि मध्ये जाहिराती नसतात. मार्व्हलचं स्वतःचं वाचनाचं ॲप आहे. त्यावर नवे अंक छापील अंकानंतर साधारण तीन महिन्यांनी येतात, जुने तर हजारोंनी आहेत. ज्याला तीन महिने धीर धरवतो त्याचे बरेच पैसे वाचतील. जाड ओम्निबस, म्हणजे बऱ्याच अंकांचा एकत्र ग्रंथ, दिसायला देखणा असतो, पण झोपून वाचताना छातीवर पडला तर लागतो. अनुभवाचे बोल आहेत.

आता रविवार. जाणं बंद करू का, म्हणता. वीसेक वर्षं चार माणसं एकत्र टेकडी चढतायत, ही गोष्ट तुम्ही इतकी सहज लिहून गेलात की मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. चाळिशीतल्या पुरुषांची मला येणारी पत्रं बहुतेक वेळा याच्या उलट असतात: बोलायला कुणी नाही. तेव्हा बंद करू नका. पण परीक्षेत बसायचं नसेल तर उत्तरं देणंही बंद करायला हवं. हेडमास्तर विचारेल, “अमुक अंकापर्यंत पोचलास का?” तुम्ही सांगा, “नाही, पण परवा एका कुत्र्याची गोष्ट वाचली.” आणि ती सांगा. निम्मी सांगून थांबा. मला हेडमास्तरबद्दलही एक शंका आहे, चुकीची असेल तर सोडून द्या. जो माणूस सतत क्रम विचारतो, तो हल्ली स्वतः काही वाचत असेलच असं नाही. जुनं पाठ असतं आणि नवं उघडायची भीती वाटते. २१४व्या ओळीवर फक्त तुम्हीच अडकलेले आहात असं मला वाटत नाही.

एखाद्या रविवारी मुलीला बरोबर न्यायला हरकत नाही, तिची इच्छा असली तर. मात्र तिची तोंडी परीक्षा घ्यायची नाही, एवढं चौघांना आधी बजावा. माझ्या भाचीला एका लग्नात तिच्या टी-शर्टवरचं चिन्ह बघून एका काकांनी “मग सांग पाहू तिसरा रॉबिन कोण?” असं विचारलं होतं. तिने उत्तर दिलं, बरोबरच दिलं, आणि नंतर तो टी-शर्ट पुन्हा घातला नाही.

शीटचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पुसून टाका असं मी म्हणणार नाही, दोन वर्षांची मेहनत आहे. नाव बदलून ‘कधीतरी’ असं ठेवा आणि मिटा.

ता. क. पलंगाखालच्या खोक्यांबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंत. जमिनीवर ठेवू नका, पावसाळ्यात खालचा थर ओल धरतो आणि कसर लागते. फळीवर, उभे, फार दाबून नाही. गणपती झाले की एकदा सगळे बाहेर काढून वारा द्या, सावलीत, उन्हात नको. त्या दिवशी मुलीला मदतीला घ्या. खोक्यातून ती कुठला अंक आपणहून उचलते आणि तिथेच फरशीवर बसून वाचायला लागते, ते मला कळवा.